दारवालीचा नकार

विमानाच्या पुढच्या डाव्या दाराशी ती चोवीस वर्षं उभी होती. येणाऱ्याला हसून या म्हणायचं, जाणाऱ्याला हसून सांभाळून जा म्हणायचं, आणि मधल्या वेळात दीड-पावणेदोनशे माणसांचा जीव आपल्या ओच्यात घेऊन बसायचं, हे तिचं काम. कंपनीच्या कागदांवर तिच्या हुद्द्याचं नाव हातभर लांब होतं. सोबतची माणसं मात्र तिला ताई म्हणत आणि माघारी दारवाली. त्यात वाकडं काही नव्हतं. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. तिचे वडील, आप्पा, तर तोंडावरच म्हणायचे, "मी बसच्या दारात उभं राहून जन्म काढला, पोरगी विमानाच्या दारात उभी. बसून प्रवास करायचं आमच्या घराण्याच्या नशिबातच नाही."

आप्पा बस कंडक्टर होते. एकतीस वर्षं त्यांनी खांद्याला चामडी पिशवी लावली. सुट्टीत ते लेकीला मागच्या बाकावर बसवून न्यायचे आणि ती दिवसभर त्याच त्या रस्त्यावरून जायची यायची. खिडकीबाहेर बघायची नाही. बापाकडे बघायची. गर्दीतून हा माणूस पाण्यातून मासा जावा तसा जातो, कुणाला धक्का लागत नाही, कुणी रागावलं तर त्याला हसवून पुढे सरकतो, हे तिनं तिथं पाहिलं. पुढं विमानातल्या नोकरीसाठी मुलाखत झाली तेव्हा साहेबांनी विचारलं, एवढ्या माणसांना सांभाळायचा काही अनुभव? ती म्हणाली, मागच्या बाकावरून सगळं शिकलेय. साहेबांना कळलं नाही, पण तिचा चेहरा बघून त्यांनी नाव लिहून घेतलं.

आता आप्पा एक्याऐंशी वर्षांचे झाले होते. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ते एकटेच राहत. लिफ्ट नाही. गुडघे गेलेले. त्या वर्षात ते जिन्यात दोनदा पडले. लेकीनं तिच्या घरी चला म्हणून हजार वेळा विनवलं. पण तिचं घर त्याहून उंच आणि त्याहून लहान, आणि ती स्वतः महिन्यातले पंधरा दिवस आकाशात. "तुझ्या घरी येऊन जावयाशी बुद्धिबळ खेळू?" आप्पा म्हणायचे. "तो हरतो आणि तोंड पाडून बसतो. मला बघवत नाही."

शेवटी गावाच्या कडेला म्हाताऱ्या माणसांचं एक नीटनेटकं निवासगृह सापडलं. तळमजल्याची खोली, पुढं अंगण, जवळच डॉक्टर. खोली रिकामी व्हायला सात महिने वाट बघितली. झाली तेव्हा तिथल्या बाईंनी स्पष्ट सांगितलं, "तीन आठवडे थांबेन. तिसऱ्या गुरुवारी संध्याकाळी साडेसातला आमचं फाटक बंद होतं. त्याच्या आत आजोबा हजर पाहिजेत. नाहीतर खोली यादीतल्या पुढच्या माणसाला. माझाही नाइलाज आहे."

आप्पांनी हो म्हणायला पंधरवडा घेतला. मध्ये एकदा जावई गाडी घेऊन नुसतं ठिकाण दाखवायला न्यायला गेला, तर म्हातारा जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसला आणि उठेना. अर्ध्या तासानं जावई एकटाच परत आला. मग आप्पांनीच लेकीला बोलावून सांगितलं.

"जाईन मी. पण तू नेलंस तर. जावई गुणी आहे, त्याच्याबद्दल म्हणणं नाही. पण स्वतःच्या घरातून मला बाहेर काढायचं, तर तो हात माझ्या लेकीचा असू दे."

"मीच नेणार आप्पा. हात धरून नेणार."

"शब्द?"

"शब्द."

गुरुवारची ड्युटी तिला बदलून मिळाली नाही. पण हिशेब सोपा होता. पहाटे निघायचं, चार फेऱ्या करायच्या, दुपारी सव्वादोनला परत उतरायचं. चारपर्यंत आप्पांकडे, पाचला निवासगृहात. बुधवारी सुट्टी होती तर ती दिवसभर आप्पांच्या खोल्या आवरत बसली. एकतीस वर्षांची आणि त्याआधीची आणि नंतरची वस्तू न् वस्तू. हे ठेवू का, ते टाकू का, करत रात्र झाली. घरी येऊन आडवी झाली तेव्हा झोपायला जेमतेम तीन तास उरले होते.

आणि त्याच गुरुवारी आकाशात वाटा दाखवणाऱ्यांनी संप केला.

ही माणसं कुणाला दिसत नाहीत. काही टॉवरच्या काचेमागं असतात, बरीचशी कुठल्याशा अंधाऱ्या खोलीत पडद्यांसमोर बसलेली असतात. पडद्यावर ठिपके फिरतात. एकेक ठिपका म्हणजे दोनशे माणसं. ठिपक्याला ठिपका लागू द्यायचा नाही, हे त्यांचं काम. माणसं कमी, पाळ्या लांब, विश्रांती नाही, म्हणून ती एका दिवसाच्या संपावर गेली होती. कायद्यानं काही जणांना कामावर बसावंच लागतं. तेवढ्यांच्या हातून जेवढी विमानं सुटतील तेवढी सुटत होती. एरवी दहा सुटायची त्या वाटेनं तीन. बाकीच्यांनी जमिनीवर रांगेत उभं राहायचं आणि आपल्याला कितीची वेळ मिळते याची वाट बघायची.

पहाटेच्या दोन फेऱ्या रडतखडत झाल्या. तिसरीला दीड तास उशीर. आणि चौथी, म्हणजे परत घरी न्यायची फेरी, ती त्या परक्या शहराच्या विमानतळावर अडकली ती अडकलीच.

दुपारी पावणेदोनला माणसं चढली. एकशे अडुसष्ट. दारं लागली. टॉवरनं सांगितलं, तुमची वेळ अडीच. अडीचला सांगितलं, सव्वातीन. कॅप्टननं स्पीकरवरून सगळं खरंखरं सांगितलं. तो असा माणूस होता की साखर लावून बोलायचा नाही आणि घाबरवायचाही नाही. पण खरं सांगितलं म्हणून लोक खूश होतात थोडेच.

विमान उडत असतं तोवर ते विमान. उभं राहिलं की पत्र्याची खोली. बाहेर डांबरावर ऊन पडलेलं, आत माणसांच्या श्वासानं हवा जड झालेली. लेकरं किरकिरायला लागली. मधल्या रांगेतला टाय लावलेला एक गृहस्थ दर दहा मिनिटांनी उठून पुढं येई आणि घड्याळ दाखवून परत जाई, जणू घड्याळ फक्त त्याच्याकडेच होतं.

"उतरू द्या आम्हाला," तो म्हणाला.

"उतरवलं आणि तेवढ्यात आपली वेळ आली, तर ती हुकेल हो," ताई म्हणाली. "मग रांगेत पुन्हा शेवटी. तुम्हाला चालेल, पण या आजीबाईंना चालेल का विचारा."

पहिल्या रांगेतल्या आजीबाई म्हणाल्या, "मला घरी जायचंय. तू खाली बस रे बाबा." आणि तो बसला.

तिच्यासोबत समोरच्या उजव्या दाराला एक उंच गडी होता. त्याला सगळे लांब्या म्हणत. दोन मुलांचा बाप, पण विमानाच्या छताला डोकं लागू नये म्हणून अजून शाळकरी पोरासारखा मान तिरकी करून चालायचा. मागच्या दारांना दोघी मैत्रिणी होत्या, जुळ्या बहिणींसारख्या एकमेकींचं वाक्य पुरं करणाऱ्या. पुढं कॉकपिटमध्ये कॅप्टन आणि त्याचा सहपायलट. एवढीच त्यांची चूल. चौघं दाराशी असल्याशिवाय एवढ्या माणसांचं विमान उडत नाही, असा नियम आहे. एक जरी कमी पडला तरी नाही.

"ताई, आप्पांचं काय?" लांब्यानं हळूच विचारलं. त्याला सगळं माहीत होतं. ती सकाळी गाडीत बोलली होती.

"साडेसातपर्यंत वेळ आहे. पोचेन."

"हे संपवाले पण आजचाच दिवस सापडला त्यांना."

ती स्वतःही सकाळपासून त्यांना मनात बोल लावत होती. पहाटे फोनवर आप्पांशी बोलताना तिच्या तोंडून एक शिवी गेली, तेव्हा म्हातारा गुरगुरला होता, "ए, तोंड सांभाळ. मी पण एकोणीस दिवस संपावर होतो. तुझ्या आईनं तेव्हा काय शिजवलं ते तिलाच ठाऊक. हौस म्हणून कुणी घरी बसत नाही."

आता दाराची गोष्ट नीट समजून घ्यायला हवी.

विमानाच्या प्रत्येक दाराच्या पोटात एक रबरी घसरगुंडी घडी करून ठेवलेली असते. विमान निघायच्या आधी एक दांडी खाली पाडून ती दाराच्या उंबऱ्याशी जोडायची. मग आगबिग लागली आणि दार उघडलं, की डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच ती फुगून धाडकन बाहेर पडते आणि माणसं तिच्यावरून खाली सुटतात. पण तीच दांडी, साधं दार उघडायच्या आधी वर करायची असते, घसरगुंडी सोडवायची असते. आणि सोडवली याची खूण म्हणून तिथं लाल फितीची पिन खोचायची. ती विसरून कुणी दार उघडलं, आणि बाहेर शिडीवर माणूस उभा असला, तर त्या माणसाचं काही खरं नाही. बैलाची धडक परवडली.

म्हणून ताईनं पहिल्या दिवसापासून स्वतःला एक सवय लावली होती. मनात म्हणायचं, लाल फीत, मग कडी. फीत डोळ्यांनी बघायची आणि मगच हात कडीला लावायचा. चोवीस वर्षांत हे तिनं किती हजार वेळा म्हटलं असेल. घरी सुद्धा कपाट उघडताना तिचे ओठ हलायचे आणि नवरा विचारायचा, "सापडली का फीत?"

त्या दुपारी तिचं दार तीनदा लागलं आणि तीनदा उघडलं. वेळ आली म्हणून लावा, वेळ गेली म्हणून उघडा, जरा हवा येऊ द्या. जोडा, सोडवा, जोडा. तीन वाजून वीस मिनिटांनी पाणी मागवलेलं आलं. शिडी येऊन टेकली. बाहेरून कुणीतरी बोटाच्या पेरांनी दोनदा ठोकलं. लांब्या मागं कुठंतरी एका रडणाऱ्या आईला समजावत होता.

ताई दाराशी गेली. लाल फीत, मग कडी, ती मनात म्हणाली, आणि कडीला हात घालून वर उचलली.

बोटभर उचलली असेल. दारातल्या छोट्या खिडकीखाली पांढरा दिवा पेटला.

तो दिवा तिनं प्रशिक्षणात पाहिला होता. त्यानंतर चोवीस वर्षांत कधी पाहिला नव्हता. घसरगुंडी जोडलेली आहे आणि तू दार उघडते आहेस, एवढंच तो सांगतो. आणखी तीन बोटं कडी वर गेली असती तर सांगायला वेळही उरला नसता.

तिनं कडी खाली सोडली. दिवा विझला. तिनं दांडी वर केली, पिन खोचली, लाल फीत दोन बोटांत धरून बघितली. मग दार उघडलं.

शिडीच्या वरच्या पायरीवर पन्नाशीचा एक माणूस उभा होता. दोन्ही खांद्यांवर पाण्याची खोकी, कपाळावर घाम, एक पाय जरासा अधू. तो हसला.

"उशीर झाला ताई. आज सगळ्यांनाच तहान लागलीय."

तिनं त्याच्या खांद्यावरचं एक खोकं घेतलं, ते आत ठेवलं, परत येऊन दुसरं घेतलं. तो जायला वळला तेव्हा तिनं विचारलं, "घरी कोण कोण असतं तुमच्या?"

त्याला नवल वाटलं. "बायको. आणि तिची आई. का हो?"

"काही नाही. सावकाश उतरा."

कुणी पाहिलं नव्हतं. तिनं आजूबाजूला बघितलं, आजीबाई झोपल्या होत्या, टायवाला फोनवर भांडत होता. ती पडद्याआड गेली आणि आपले हात बघत बसली. हात थरथरत नव्हते. तेच तिला जास्त लागलं. तोंडानं लाल फीत म्हटलं होतं. डोळ्यांनी बघितलंच नव्हतं. म्हणणं तिकडं आपलं आपण चाललं होतं आणि ती तिथं नव्हतीच.

दार पुन्हा लागलं. पावणेचार वाजले. आणि कॅप्टन कॉकपिटमधून बाहेर आला. सहपायलटला त्यानं दारातच उभं केलं, मागच्या दोघींना पुढं बोलावलं. पडद्याआड सहा माणसं दाटीवाटीनं उभी राहिली.

"चार-चाळीसची वेळ मिळालीय," कॅप्टन म्हणाला. "या वेळी पक्की. सहा-दहाला घरी. पण आपली ड्युटी साडेचारला संपते. बारा तास होतात."

यांचं घड्याळ विमान सुटल्यापासून चालत नाही, सकाळी हजेरी लावल्यापासून चालतं. मग विमान उडो की उभं राहो, तास जातच राहतात. बारा झाले की थांबायचं. फार तर दोन तास वाढवता येतात, पण तेही सगळ्यांनी आपापल्या तोंडानं हो म्हटलं तर.

"मी ठीक आहे," कॅप्टन म्हणाला, "पण माझं नंतर. नेहमीसारखं धाकट्यापासून विचारतो. नाही म्हणालात तर कारण विचारणार नाही, आणि उद्या आठवणही काढणार नाही. नाही म्हटलं तर विमान रद्द. इथं दुसरी माणसं नाहीत."

धाकट्यापासून विचारायची ही त्याची रीत होती. मोठ्यांनी आधी हो म्हटलं की धाकट्यांची जीभ जड होते, म्हणून.

मागच्या दोघींपैकी धाकटी म्हणाली, "हो. मी दुपारी झोप काढलीय बसल्या बसल्या."

"घोरत होती," दुसरी म्हणाली. "माझंही हो."

सहपायलटनं मान हलवली. लांब्या ताईकडं बघून हसला. "हो. ताईचे आप्पा वाट बघताहेत. त्यांच्यासाठी तर दोनदा हो."

सगळ्यांनी ताईकडं बघितलं. तिचं हो तर सगळे धरूनच चालले होते. मागच्या दोघी परत जायला वळल्याही होत्या.

सहा-दहाला उतरणं, पावणेसातला आप्पांच्या दाराशी, सव्वासातला फाटकाशी. धावपळ होती, पण जमत होतं. तिला फक्त एक अक्षर बोलायचं होतं. बाकी दोन तास ती ओठ चावून, तोंडावर पाणी मारून काढू शकली असती. याहून वाईट दिवस तिनं काढले होते. पण तिला तो माणूस दिसत होता, खांद्यावर खोकी घेतलेला, शिडीच्या पायरीवर हसणारा.

"नाही," ताई म्हणाली.

लांब्याची तिरकी मान सरळ झाली आणि डोकं छताला टेकलं.

"ठीक," कॅप्टन म्हणाला. त्यानं खरंच कारण विचारलं नाही. वळून आत जायला लागला.

"मघाशी मी जोडलेल्या दाराची कडी उचलली," ती म्हणाली. "पाणी आलं तेव्हा. दिवा लागला म्हणून थांबले. बाहेर माणूस होता."

लांब्यानं हळूच म्हटलं, "ताई, पण काही झालं तर नाही ना. आणि मी तिथं नव्हतो, मी बघायला हवं होतं..."

"तू असतास तरी चूक माझीच होती. मी लाल फीत म्हणाले रे. म्हणाले आणि बघितलं नाही. आता उतरल्यावर पुन्हा दार उघडायचंय. मी उघडेन आणि मला कळणारही नाही मी काय केलं."

कॅप्टननं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "दाराच्या चुकीचा कागद तुलाच भरावा लागेल."

"भरते."

"मला सांगितलंस ते बरं केलंस," तो म्हणाला, आणि आत वळता वळता, "मीही दमलोय. मी हो म्हणणार होतो."

लोकांना सांगायचं काम तिनं कुणावर ढकललं नाही. स्पीकर हातात घेतला आणि सांगितलं, विमान आज जाणार नाही, कर्मचाऱ्यांचे कामाचे तास संपत आहेत, राहायची सोय खाली बघितली जाईल. एकच गलका झाला. टायवाला धावत पुढं आला.

"सकाळपासून त्यांचा संप, त्यांचा संप म्हणून सांगताय. आणि आता तुम्हीही संपावर?"

"नाही हो," ती म्हणाली. "मी दमलेय."

तो काहीतरी मोठं बोलायच्या तयारीनं आला होता. "आम्ही काय कमी दमलोय?" एवढंच म्हणून तो बॅग काढायला गेला. आजीबाई उतरताना तिच्याशी बोलल्या नाहीत, वर बघितलंही नाही. ते तिला टायवाल्याच्या ओरडण्यापेक्षा जास्त लागलं. शेवटचा माणूस उतरेपर्यंत ती दाराशी उभी राहून प्रत्येकाला सांभाळून जा म्हणत राहिली.

मग खाली, सामानाच्या पट्ट्याशेजारच्या एका खुर्चीवर बसून तिनं फोन लावला.

पहिल्याच घंटीला उचलला गेला. "निघालीस?"

"आप्पा, विमान रद्द झालं."

पलीकडं मागून नवऱ्याचा आवाज आला, काय म्हणतेय म्हणून. तो बिचारा साडेतीनपासून गाडी घेऊन खाली उभा राहून आता वर आला होता.

"तीन वाजल्यापासून कोट घालून बसलोय मी," आप्पा म्हणाले. "संपामुळं का?"

तयार उत्तर होतं. हो म्हटलं असतं तर म्हाताऱ्यानं दोन सुस्कारे टाकून मान्यही केलं असतं. एकोणीस दिवस संपावर बसलेला माणूस तो.

"संपामुळं उशीर झाला," ती म्हणाली. "पण विमान माझ्यामुळं रद्द झालं. अजून दोन तास काम करता का विचारलं, तर मी नाही म्हणाले. बाकी सगळे हो म्हणाले होते."

"तू नाही म्हणालीस."

"हो."

"आज. नेमकं आज."

"माझ्या हातून दाराची चूक होता होता राहिली आप्पा. एक माणूस बाहेर..."

"शब्द दिला होतास," आप्पा म्हणाले आणि फोन बंद झाला.

तिनं पुन्हा लावला नाही. नवऱ्याचा निरोप आला, म्हातारा खुर्चीत बसलाय, बोलत नाही, काय करू? तिनं उत्तर लिहिलं, काही करू नको. सव्वापाच झाले. लांब्यानं चहा आणून दिला. सामानाचा रिकामा पट्टा उगाच फिरत होता. ती त्याच्याकडं बघत बसली, आणि सात महिन्यांनी मिळालेली खोली, तिचं अंगण, तळमजला, सगळं त्या पट्ट्यावरून तिच्यासमोरून निघून गेल्यासारखं वाटलं.

साडेपाचला फोन वाजला.

"त्याला काही झालं नाही ना?" आप्पांचा आवाज.

"कुणाला?"

"बाहेर होता म्हणालीस तो."

"नाही आप्पा. त्याला कळलंही नाही. पाणी देऊन गेला."

"हं." खुर्ची करकरल्याचा आवाज आला. "माझ्या गाडीत एका बाईचा पाय पायरीवर होता. मी डबल घंटी दिली. सोळा तास झाले होते. बदलीचा माणूस आलाच नव्हता. ड्रायव्हरनं गाडी सोडली."

तिला हे माहीत नव्हतं. आईलाही माहीत असेल असं वाटलं नाही.

"मग?"

"खुब्याचं हाड मोडलं. वाचली. मी भेटायला गेलो, तर मलाच म्हणते, गर्दी फार होती हो. गर्दी नव्हती. चार माणसं होती बसमध्ये. मी झोपलो होतो उभ्या उभ्या." ते खाकरले. "त्या दिवशी डेपोत कुणी विचारलं असतं, अजून एक फेरी मारतोस का, तरी मी हो म्हणालो असतो. नाही म्हणता येतं हेच माहीत नव्हतं आम्हाला. त्यासाठीच मग ते एकोणीस दिवस."

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बरं," आप्पा म्हणाले, एकदम चढ्या आवाजात. "जावयाबरोबर जातोय मी. पण एक सांगून ठेवतो. फाटकाच्या आत जाईन, वहीत सही करीन, पण खोलीत पाय टाकणार नाही. अंगणात बसेन. तू आल्याशिवाय आत जाणार नाही म्हणजे नाही."

"अहो आप्पा, रात्रभर अंगणात?"

"ते माझं मी बघेन. आणि ह्याला सांग, जिन्यात माझा दंड धरू नको. मी काय पोतं आहे?"

सात वाजून पाच मिनिटांनी नवऱ्याचा निरोप आला, सही झाली. आणि त्याखाली, दंड धरू दिला नाही, खिसा धरून उतरवला.

रात्री हॉटेलवर तिनं दाराचा कागद भरला. वेळ, जागा, काय झालं, कोण कुठं होतं. लांब्या जागेवर नव्हता हे लिहिताना पेन थांबलं, पण एका रडणाऱ्या आईजवळ होता हेही लिहिलं. त्याचा परिणाम काय होणार ते तिला ठाऊक होतं. कागद निकाली लागेपर्यंत दाराला हात लावायचा नाही आणि मग प्रशिक्षण पुन्हा पहिल्यापासून, विशीतल्या पोरींच्या रांगेत. सही करून ती झोपली ती दहा तास उठली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती प्रवासी म्हणून परतली. तिच्या जागी दुसरी बाई आली होती. संप संपला होता, आकाश पुन्हा वाहायला लागलं होतं. युनिफॉर्ममध्येच ती विमानतळावरून थेट निवासगृहात गेली.

आप्पा अंगणात खुर्चीवर बसले होते. अंगात कोट, मांडीवर बॅग, बॅगेवर दोन्ही हात. तिला बघून त्यांनी तोंड दुसरीकडं वळवलं.

"आलीस," ते म्हणाले. "कालपासून असाच बसलोय."

"असेच?"

"मग? सांगितलं होतं ना. शब्द म्हणजे शब्द."

तिथल्या बाई ऑफिसच्या दारात येऊन उभ्या होत्या. त्या काही बोलणार होत्या, पण आप्पांनी त्यांच्याकडं असं बघितलं की त्या आत निघून गेल्या.

ती वाकली, बॅग उचलली, दुसरा हात पुढं केला. आप्पांनी तो धरला. चांगला घट्ट धरला. कोटाचं बटण एक घर चुकून लावलं होतं. दोघं अंगण ओलांडून गेले, तीन पायऱ्यासुद्धा नव्हत्या. ताईनं खोलीचं दार ढकललं.

पलंगावरची चादर नीट ओढलेली होती, पण उशीला मधोमध खळगा पडला होता. खिडकी उघडी होती. खिडकीच्या कट्ट्यावर पेल्यात पाणी होतं आणि पाण्यात आप्पांची कवळी.

आप्पांनी तिच्या आधी ती बघितली. त्यांनी गडबडीनं तोंड मिटलं.

"खोली बरी दिसते," ते ओठ न उघडता म्हणाले.

"आधी बघितली नव्हती ना तुम्ही," ती म्हणाली. "या, दाखवते." आणि हात न सोडता तिनं त्यांना आधी खिडकी दाखवली, मग कपाट, मग दिव्याचं बटण.